पळस मला लाल दिसत नाही

आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, सख्ख्या बहिणीला तर नाहीच. मला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. पिकलेला टोमॅटो मी बोटानं दाबून ओळखतो. सिग्नलला वरचा दिवा पेटलाय की खालचा, एवढं बघून गाडी थांबवतो. कपाळावरचं कुंकू मला वाळल्या चिखलाच्या ठिपक्यासारखं दिसतं. आणि मी जीवशास्त्र शिकवतो. हिंगोलीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात, केस पांढरे होईपर्यंत तेच करत आलो. दरवर्षी बारावीच्या पोरांना रंगांधळेपणा आईकडून मुलाकडे कसा जातो, हे फळ्यावर काढून दाखवतो.

एवढंच असतं तर लिहायचं कारण नव्हतं. ज्याच्या त्याच्या डोळ्याचं ज्याच्या त्याच्यापाशी. पण मी हे झाकून ठेवलं आणि त्याखाली दोन माणसं दबली. एक माझी थोरली बहीण, आक्का. दुसरा तिचा मुलगा दत्ता.

सध्या हळद काढणीचे दिवस आहेत. वसमतच्या रस्त्यानं दुपारी गेलं की दोन्हीकडून शिजत्या हळदीचा वास येतो. ओल्या मातीचा, थोडा कडसर, थोडा औषधी. कापडात शिरला की दोन धुण्यांत जात नाही. आक्काचं सासर त्याच पट्ट्यात, सिद्धेश्वरच्या कालव्याला लागून. तिच्या शेतात बाया ओळीनं बसून गड्ड्यांची माती झाडत असतात, पलीकडे बॉयलर फुसफुसत असतो आणि ताडपत्रीवर उकडलेली हळद पसरलेली असते. हा एवढा एक रंग मला जगासारखा दिसतो. पिवळ्यात माझी फसगत होत नाही. म्हणून लहानपणापासून वर्षातला हा मोसम मला सगळ्यांत मोकळा वाटायचा. बाकी वर्षभर मी सावध असायचो. कुणी म्हटलं "काय हिरवं झालंय रान" की "व्हय ना" म्हणायचो. हळदीत तसं काही म्हणावं लागत नसे.

आता तो वास आला की मी गाडीची काच वर करतो.

हळदीचं एक आहे. तिला आई असते, बाप नसतो. फूल येतं, पण त्याचं बी रुजत नाही. आदल्या वर्षीचा गड्डा बेणं म्हणून ठेवायचा, तोच पुन्हा लावायचा. त्यामुळे शेतातलं प्रत्येक झाड म्हणजे तेच एक झाड, पुन्हा पुन्हा उगवलेलं. दिसायला छान, एकसारखं. पण कंद कुजायची साथ आली की रान एकदम बसतं, कारण एकाला जे मारतं ते सगळ्यांना मारतं. वेगळं निघून तगायला कुणी वेगळं नसतंच. नर-मादी ही एवढी खटाटोपाची व्यवस्था निसर्गानं का टिकवली, याचं एक उत्तर मी पोरांना या हळदीवरून देतो. दोघांचे पत्ते पिसले की प्रत्येक लेकरू नवा डाव घेऊन येतं. त्यात कुणाचे डोळे कच्चे निघतात, कुणाची हाडं पक्की. आज जे कच्चं, ते उद्याच्या एखाद्या साथीत पक्कं ठरायचं. पिढ्यान् पिढ्या ही चाळणी चालू असते. वर्गात हे सांगताना माझा आवाज चढतो. पोरं मान डोलावतात. सर मन लावून शिकवतात, असं त्यांना वाटतं.

मन लावून मी एकच गोष्ट केली, ती म्हणजे लपवणं. कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली खोडाचा काप दाखवायचा असतो, त्याला लाल आणि हिरवा रंग दिलेला असतो. मी कधी सांगत नाही कुठला भाग लाल. मी विचारतो, "कोणता रंग दिसतो? नीट बघून सांगा." एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, विद्यार्थ्यांकडून उत्तर काढून घेण्याची तुमची पद्धत चांगली आहे. मी हात जोडले. रंगीत खडू मी स्वतः उचलत नाही, पहिल्या बाकावरच्या कुणाला तरी म्हणतो, "लाल दे रे." असं करत करत नोकरी सरत आली. कुणी मला काढून टाकणार नव्हतं, हेही खरं सांगतो. भीती होती ती हसण्याची. आक्काच्या सासरी मी 'गुरुजी' होतो. मी आलो की दाजी, म्हणजे तिचे मालक, खुर्ची पुसून द्यायचे. ती खुर्ची मला जपायची होती. एवढं क्षुल्लक कारण.

तो मोसम आठवतो. दत्ता तेव्हा फौजेच्या भरतीसाठी पळत होता. आमच्याकडे पहाटे कुठल्याही रस्त्यावर बघा, पोरं पळताना दिसतील. दत्ता कालव्याच्या भरावावरून पळायचा. आयटीआयला नंबर लागलेला सोडून दिला होता. "मामा, गोळी खाईन पण हळद न्हाई खांदणार," म्हणायचा. मी सुट्टीला गेलो होतो. उन्हं वर आली होती, तो पळून येऊन घाम पुसत बांधावर बसला होता, आक्का भाकरी सोडत होती. कालव्यापलीकडे पळस होता. पान एक नाही, नुसती फुलं.

आक्का म्हणाली, "बग की रं, पेटल्यावानी लाल झालाय यंदा."

दत्ता म्हणाला, "काय?"

"पळस रं. डोळे फुटले काय?"

त्यानं तिकडे पाहिलं. क्षणभर थांबला. मग म्हणाला, "हां, दिसला दिसला. लई लाल झालाय."

माझा घास तोंडातच राहिला. ते 'दिसला दिसला' माझं होतं. ती किंचित थांबलेली मान, मग घाईनं दिलेली दोनदा हमी, आणि वर दुसऱ्याचाच शब्द उचलून परत केलेला. मी उभा जन्म तसंच बोलत आलो होतो. मलाही पलीकडे खाकी चिंध्या लटकल्यासारखं एक झाड दिसत होतं. त्या बांधावर आम्ही दोघं एकाच झाडाकडे एकाच डोळ्यांनी बघत होतो, आणि त्यातल्या एकालाच ते ठाऊक होतं.

मला शंका आधीपासून असायला हवी होती. नव्हे, होतीच. हे गुणसूत्रांचं गणित तोंडपाठ आहे माझं. लाल-हिरवा ओळखण्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर बसलेली. बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एकच. बाईच्या एकात दोष असला तर दुसरा सांभाळून घेतो. तिला सगळे रंग दिसतात, दोष मात्र तिच्यात मुक्काम करून राहतो. पुरुषाला सांभाळून घेणारं दुसरं कुणी नसतं. माझ्यात तो आला आमच्या आईकडून. आईनं तोच एक्स आक्कालाही दिला असेल की नसेल, छापाकाट्यासारखं. आईचा भाऊ, आमचा मामा, बोरं दाबून दाबून खायचा, आम्ही त्याला चोखंदळ म्हणून हसायचो. आता वाटतं, तोही आमच्यातलाच असणार. मामाकडून भाच्याकडे, मधल्या बाईला कळूही न देता. फळ्यावर मी अर्धा रंगवलेला गोल काढतो, ती बाई. त्या गोलाला मी कधी नाव दिलं नाही.

त्याच दिवशी दुपारी दत्ता मला गाठून म्हणाला, "मामा, डोळ्याची तपासणी लई कडक असती का वो?"

बाकी कुणी जवळ नव्हतं. पोरगं मला वाट काढून देत होतं. मी म्हणायला हवं होतं, दत्ता, चल, आजच डॉक्टरकडे जाऊ. काय असेल ते आत्ताच कळू दे, म्हणजे वर्षं वाया जाणार नाहीत. आयटीआयची जागा पुन्हा मिळेल, वय आहे. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, की मामा, तुम्हाला कसं कळलं?

मी म्हणालो, "तू पळण्याकडे लक्ष दे. डोळ्याचं काय एवढं."

तो हसला. त्याला बरं वाटलं. पुढे कित्येक महिने तो त्या बऱ्या वाटण्यावर पळाला.

पुढच्या हळदीत तो शर्यतीत पास झाला, छाती-उंची बराबर निघाली, लेखी पण झाली. मग तपासणीत डॉक्टरनं ठिपक्यांची पानं समोर धरली. ठिपक्यांत आकडे असतात, बाकी सगळ्यांना दिसतात. दत्ता घरी आला तेव्हा अंगणात हळद वाळत होती. मी मुद्दाम गेलो होतो त्या दिवशी. बापानं विचारलं, "काय झालं?"

"आकडे इचारले. मला नुसते ठिपके दिसले."

"म्हंजी?"

"रंग कळत न्हाईत म्हनले. बाद."

दाजींना राग कुणावर काढावा कळेना. आधी डॉक्टरवर काढला. मग म्हणाले, "आमच्या खानदानात असं कुनी न्हाई." आणि माझ्याकडे वळले. "तुमच्याकडं हाय का कुनी, गुरुजी?"

सरळ प्रश्न होता. टोमणा नव्हता. मी त्यांनी पुसून दिलेल्या खुर्चीवर बसलो होतो.

मी म्हणालो, "नाही."

मग आक्काच्या सासूबाई बोलल्या. तेव्हा त्या होत्या. म्हणाल्या, "मी तवाच म्हनलं व्हतं. ह्यो पोटात असताना सूर्यग्रहण लागलं, तर हिनं इळा धरला. म्हशीला वैरण न्हाई म्हनून कापाय बसली. किती वरडले मी. पोराच्या डोळ्यावर आलं."

आक्का खाली बघत होती. "व्हय," म्हणाली. "म्हस उपाशी व्हती."

दाजींनी मला विचारलं, "असं होतं काय वो, गुरुजी? तुमी शास्त्र शिकिवता."

आणि मी, ज्याला आईचा एक्स, मुलीचा एक्स, सगळं पाठ होतं, त्यानं म्हटलं, "लोक म्हणतात तसं."

तीन शब्द. त्यात 'होय' नाही म्हणून मी स्वतःची पुष्कळ दिवस समजूत घातली. पण अंगणातल्या प्रत्येकानं ते होय म्हणूनच ऐकलं. शिकलेला माणूस नाही म्हणत नाही, म्हणजे असणारच. त्या दिवसापासून त्या घरात दत्ताचे डोळे आक्काच्या नावावर पडले. दाजी काही वर्षं तिच्याशी कामापुरतंच बोलले. गावातली पोरं दत्ताला "ए ब्लॅक अँड व्हाइट" म्हणायला लागली, तोही हसून ओ द्यायला लागला. आता तो हळद शिजवायचा बॉयलर घेऊन गावोगाव भाड्यानं फिरतो. धंदा वाईट नाही. त्याच्या हाताखाली माणसं आहेत. पण पहाटे भरतीची पोरं रस्त्यानं पळताना दिसली की तो ट्रॅक्टर बाजूला घेतो, ती जाईपर्यंत थांबतो. मी शेजारी बसलो होतो एकदा. ती गेली, मग त्यानं गिअर टाकला.

मी मग या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. प्रायश्चित्त वगैरे नाही, सुटकेची फट शोधत होतो. बहुतेक सस्तन प्राणी आमच्यासारखेच, दोन रंगांवर भागवणारे. गाय, बैल, कुत्रा, कुणालाच पळस लाल दिसत नाही. माकडांच्या आपल्या शाखेत कधीतरी एक जनुक चुकून दोनदा उतरलं, दुसऱ्या प्रतीत बारीक बदल झाला आणि तिसरा रंग उगवला. हिरव्या पाल्यात पिकलेलं फळ, कोवळं पान दिसू लागलं, म्हणून तो टिकला असावा. पण त्या दोन प्रती शेजारी शेजारी आणि जुळ्यांसारख्या, त्यामुळे अदलाबदलीत आजही घोटाळा होतो. दक्षिण अमेरिकेत तर अशी माकडं आहेत की त्यांच्यात तिसरा रंग फक्त काही माद्यांनाच दिसतो. नर सगळेच दोन रंगांचे. एकाच कळपात, एकाच झाडाखाली, बाईला एक जग आणि बाप्याला दुसरं. आणि तरी कळप चालतो. काही अभ्यासक म्हणतात, दोन रंगांच्या डोळ्यांना आकार आणि छटा जास्त कळतात, पाल्यात लपलेला किडा त्यांना आधी सापडतो. नक्की कुणी सांगत नाही. पण हरभऱ्यावरची हिरवी अळी मी सगळ्यांच्या आधी दाखवायचो, हे खरं. दत्ताही दाखवायचा. "पोराची नजर बग," म्हणून आक्का कौतुक करायची.

हे वाचून बरं वाटलं. आमच्यात खोट नव्हती, आम्ही एक जुना प्रकार होतो, चाळणीत राहून गेलेला. मग लक्षात आलं, ते बरं वाटणं मी एकट्यानंच घेतलं. ज्याला त्याची गरज होती त्याच्यापर्यंत नेलं नाही. निसर्गानं हा फरक कुणाला शिक्षा म्हणून ठेवलेला नाही. शिक्षा मी केली.

यंदा माझी मुलगी प्राजक्ता बाळंतपणाला माहेरी आली आहे. तिच्या दोन एक्सपैकी एक माझा आहे. तो तिला मिळालाच, त्यात छापाकाटा नाही. तिला मुलगा झाला तर निम्मी शक्यता. आमच्या भागात अजून लोक मुलगा व्हावा म्हणून नवस बोलतात, आणि मी मनातल्या मनात मुलगी होऊ दे म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटेल, केवढे पुढारलेले विचार. मला मुलगी हवी आहे, कारण तिच्यात ते दिसणार नाही आणि मला कुणी विचारणार नाही.

तर या हळदीतच ग्रहण आलं, होळीच्या सुमाराला. चंद्राचं. आणि दुपारच्या एसटीनं आक्का आमच्या दारात. काढणी ऐन भरात, शेतात बाया लावलेल्या, आणि ही सगळं टाकून पिशवी घेऊन आलेली. नखांत हळद तशीच.

"आक्का, असं अचानक?"

"आज पोरीला एकटं न्हाई ठिवायचं."

ती थेट आत गेली. प्राजक्ताला पलंगावर उताणं निजवलं. सुरी, कात्री, सुई, खोबऱ्याची किसणीसुद्धा फडक्यात गुंडाळून वर ठेवून दिली. "कुशीवर वळू नगं. खाजवू बी नगं. नख लागतंय."

प्राजक्ता हसायला लागली. "आत्या, मोबाइल चालतो का?"

"मोबाइलनं काय कापतंय काय? चालतंय."

"आणि भूक लागली तर?"

"सुटल्यावर देते की शिरा करून. तवर राम राम म्हन."

संध्याकाळी चंद्र उगवला तोच कुरतडलेला. म्हणजे गच्चीवरची शेजारची पोरं तसं ओरडत होती. तांबूस झालाय म्हणत होती, मला तो नुसता मळका दिसला. मी आत आलो. आक्का पलंगाच्या पायथ्याशी बसली होती, दाराकडे पाठ करून, पोरीवर सावली धरल्यासारखी. एवढा वेळ ती हलली नाही. प्राजक्ता कंटाळून म्हणाली, "आत्या, खरंच असं काही नसतं गं. बाबांना विचार की. बाबा, सांगा ना."

हीच वेळ होती. अशी वेळ दुसऱ्यांदा फार लोकांना मिळत नाही. मी दारात उभा होतो. म्हणालो, "आक्का..."

तिनं मला हातानं थांबवलं. प्राजक्ताला म्हणाली, "त्याला काहून इचारती? त्याला सगळं ठावं हाय. दत्ताच्या टायमाला सगळी माझ्यावर तुटून पडली. माझी चुकीच व्हती, पन ह्यानं एक शबुद लावला न्हाई मला. येवढा शिकलेला मानूस, बोलला असता तर मला तोंड लपवाय जागा ऱ्हायली नसती. गप बसला बिचारा. भाऊ म्हनून."

प्राजक्तानं मोबाइल खाली ठेवला. माझ्याकडे बघायला लागली. मी पाणी पिण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेलो आणि तिथेच ओट्याला धरून उभा राहिलो. बायको म्हणाली, "काय होतंय?" म्हटलं, काही नाही. माझ्या त्या गप्प बसण्याला ती इतकी वर्षं माया समजत आली. त्यावर तिनं दिवस काढले असतील. सांगितलं तर दत्ताच्या डोळ्यांचा बोल तिच्यावरून उतरेल, पण तो भाऊही तिच्याकडून जाईल. हे मी मोठ्या मनानं म्हणतोय असं कुणी समजू नये. न सांगायला मला आणखी एक कारण सापडलं, एवढंच. मला अशी कारणं सापडतात.

ग्रहण सुटलं. आक्कानं डोक्यावरून पाणी घेतलं, शिरा केला, प्राजक्ताला बसतं करून भरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. उन्हात बसची वाट बघत ती म्हणाली, "आता नातू बराबर निघंल बग. काळजी नगं करू." कळमनुरीची गाडी गेली, वसमतची लागली, ती खिडकीत बसली. मी खाली उभा होतो. खिडकी उघडी होती. गाडी हलेपर्यंत बराच वेळ गेला, तेवढ्यात सांगून झालं असतं.

हे लिहून झालं आहे, छापूनही येईल. ओळखीचे वाचतील, माझे विद्यार्थी वाचतील, दत्ता बहुधा मोबाइलवर वाचेल. आक्काला वाचता येत नाही. पहिलीतूनच तिला काढलं, कारण घरी मला सांभाळायचं होतं. तेव्हा हे लिहिण्यानं काही फिटत नाही. विळ्यानं काही झालं नाही, दत्ताचे डोळे माझ्यासारखे आहेत आणि मी ते जाणून होतो, हे कुणी तिला वाचून दाखवायच्या आत तिच्या अंगणात जाऊन, दाजींसमोर, दत्तासमोर, माझ्या तोंडानं सांगणं मी अजून देणं लागतो.